अकरा नंबरचा दिवा

२०२२ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, ठाण्यात नौपाड्यातल्या एका हॉलमधल्या प्रदर्शनातून तुम्ही पितळी कळशीचा टेबल लॅम्प नेलाय का? कळशीच्या पोटाला एका बाजूने पोचा आहे, वायर मरून रंगाच्या कापडी वेणीची आहे आणि बुडाला माझ्या नावाचं गोल स्टिकर आहे. असेल, तर आधी उठा आणि त्याचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढा. मग बसून पुढचं वाचा.

असे एकूण सतरा दिवे मी केले. सोळांचा छडा लागला. हा एक अजून बाहेर आहे.

बँकेतून मी २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत लॉकडाऊन लागला. माळा आवरताना आजीची रोह्याची कळशी हाती आली, काळी ठिक्कर. आधी चिंच-मीठ, मग पितांबरी लावून घासली, तर ती अशी काही झळाळली की परत माळ्यावर टाकायला जीव होईना. पण कळशीत पाणी कोण भरतंय आता? मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. बाटलीचा दिवा, शिवणयंत्राच्या पायाचा दिवा, कंदिलाचा दिवा. व्हिडिओत भोक पाडण्यापासून बल्ब पेटेपर्यंत सात मिनिटं लागतात. मला दोन दिवस लागले, आणि बल्ब पेटला तेव्हा ह्यांना झोपेतून उठवून दाखवला.

तेव्हाची माझी रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. जांभळी नाक्याजवळच्या एका भांडीवाल्याकडून कळशीच्या बुडाजवळ भोक पाडून घ्यायचं. त्यातून वायर आत घालायची, गळ्यातून वर काढायची. वायर ओढली तर निसटू नये म्हणून आतल्या बाजूने गाठ मारायची. गळ्यावर लाकडी चकती, चकतीवर होल्डर, होल्डरवर वेताची शेड. वायरीच्या मध्यावर ते अंगठ्याने सरकवायचं छोटं बटण, आणि टोकाला दोन पिनांचा प्लग. वायर मी मुद्दाम लोहार चाळीत जाऊन आणायचे, कापडी वेण असलेली, जुन्या काळातल्यासारखी दिसणारी. पितळ काळवंडू नये म्हणून वरून लॅकरचा हात. पेटला की झालं.

सुरुवातीला साठ वॅटचे पिवळे फिलामेंटचे बल्ब लावत होते, छान दिसायचे. तिसऱ्या दिव्याची शेड आतून तपकिरी झाली आणि होल्डरला तडा गेला, तेव्हा नऊ वॅटच्या एलईडीवर आले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. आता काही तापत नाही, म्हणजे आता काही धोका नाही, असा माझा हिशोब. बँकेत तीस वर्षं हिशोब केले मी.

मग हौसेचं दुकान झालं. आधी बहिणींना, भाच्यांना भेट दिले. मग कोणीतरी पैसे देऊ केले. अठराशे रुपये भाव ठेवला. सुनेने स्टिकर छापून आणली, वर माझं नाव आणि समईचं चित्र. वहीत नंबर टाकून नोंद ठेवायचे, एक नंबर कोणाकडे, दोन नंबर कोणाकडे. ही एक सवय बँकेने लावली, आणि शेवटी तीच कामाला आली.

१८ जुलै २०२४, आषाढीचा दुसरा दिवस. सकाळी साडेदहाला नेरुळहून फोन. माझ्या मामेबहिणीची जाऊ, मी त्यांना वहिनी म्हणते. चौदा नंबरचा दिवा त्यांच्याकडे. आवाज थरथरत होता पण स्वभाव असा की आधी विचारलं, "ताई, जेवणं व्हायचीत ना?" मग म्हणाल्या, "तुमच्या दिव्याने मला फेकलं हो."

लादी पुसत होत्या. अनवाणी, हात ओले. कोपऱ्यातल्या तिवईखालचं पुसायचं म्हणून दिवा एका हाताने उचलायला गेल्या. कळशीच्या काठाला बोटं लागली आणि हात असा झटकला गेला की मनगट खिडकीच्या कठड्यावर आपटलं. त्याच क्षणी घरातली वीज गेली.

"पण ताई, दिवा बंद होता," त्या दोनदा म्हणाल्या. "मी पेटवलेलाच नव्हता."

मनगटाला बारीक चीर होती. सहा आठवडे प्लास्टर. पैसे मी दिले, त्या नको म्हणत असताना दिले, आणि त्यांच्या सुनेने ते न बोलता घेतले. त्या न बोलण्याचं काय सांगू.

संध्याकाळी ठाण्याहून नेरुळची लोकल पकडली आणि दिवा पिशवीत घालून आणला. येताना ऐरोलीपर्यंत पिशवी मांडीवर होती. मग खाली ठेवली. वायर प्लगमध्ये नाही, गाडीत वीज कुठून येणार त्याच्यात, पण ठेवली खाली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक भाऊ राहतात. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीसेक वर्षं मेंटेनन्सला होते, आयटीआयचे वायरमन. मी दिवे करते हे त्यांना चार वर्षं माहीत होतं. एकदा जिन्यात म्हणालेही होते, "एकदा दाखवा, बघतो." मी हो हो म्हटलं आणि दाखवला नाही. आपल्याला येतंय म्हटल्यावर कोण दाखवतो?

भाऊंनी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, कळशी आडवी ठेवली, आणि आधी काहीही न उघडता मला विचारलं, "वायर आत शिरते तिथे बोट फिरवून बघा." फिरवलं. भोकाचा काठ आतल्या बाजूने पातीसारखा होता. ड्रिल आरपार गेलं की पत्रा पलीकडे वळतो, त्याला कारखान्यात बर म्हणतात. ती कानशीने घासून काढायची असते आणि भोकात रबराचं ग्रोमेट, म्हणजे काठ झाकणारं कडं, बसवायचं असतं. मी दोन्ही केलं नव्हतं. ग्रोमेट हा शब्दच तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सुंदर मरून वेण त्या काठावर पिंजारली होती, आणि ती भाऊंनी नखाने बाजूला केली तर खाली लाल वायरीचं प्लास्टिक अर्ध्या इंचावर चिरलेलं. आतलं तांबं दिसत होतं. तेही नवीन नाण्यासारखं चमकत होतं.

म्हणजे दोन वर्षं दिवा इकडून तिकडे सरकवताना, पुसताना, वायर ओढली जाताना, तो काठ रोज थोडं थोडं कापत होता. गाठ होती ना आत! गाठीने वायर निसटली नाही हे खरं. तिने वायर त्याच जागी धरून ठेवली, त्याच काठावर.

"कापडी वायर घेतलीत ती दिसायला," भाऊ म्हणाले. "आत प्रत्येक तारेवर एकच पदर आहे. साधी गोल तीन कोअरची, म्हणजे आत तीन तारा असलेली, केबल असती तर वरचं जाड आवरण आधी कापलं जायला हवं होतं, मग आतलं."

मग प्रश्न बंद दिव्याचा. भाऊंनी प्लग हातात घेतला, भिंतीत एकदा असा लावला, मग उलटा करून लावला. दोन पिनांचा प्लग दोन्ही बाजूंनी जातो. एका बाजूने लावला तर माझं ते अंगठ्याचं बटण फेज, म्हणजे करंट आणणारी तार, तोडतं. उलटा लावला तर न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तोडतं. दिवा दोन्ही वेळा विझतो, माणसाला फरक दिसत नाही. पण दुसऱ्या वेळी फेज थेट आत होल्डरपर्यंत जाऊन उभी असते. वहिनींकडे भिंतीचं बटण कायम चालू असायचं, दिवा वायरीवरच्या बटणाने लावायच्या-विझवायच्या. मीच तसं सांगितलं होतं, "वाकायला नको तुम्हाला."

आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं: फेज कळशीला किती दिवस चिकटलेली होती, कोणालाच सांगता येणार नाही. लाकडी तिवईवर दिवा. त्याला जमिनीशी वाट नाही. त्यामुळे काही उडत नाही, ट्रिप होत नाही, बल्ब लखलखीत पेटतो. वरून माझा लॅकरचा पदर, तो थोडाफार आडवा येत असणार. गळ्याच्या काठावरचा लॅकर पुसून पुसून गेला होता. भाऊंनी मला समजावण्यासाठी दिवा लाकडी पाटावर ठेवून जोडला, मला चार हात लांब उभं केलं आणि टेस्टर लावला. पोटाला लावला, काही नाही. काठाला लावला, टेस्टर पेटला. दिवा बंदच होता.

"तिसरी पिन असती तर?" मी विचारलं.

"तर ज्या क्षणी तार पितळेला लागली त्याच क्षणी अर्थिंगमधून करंट गेला असता आणि घर ट्रिप झालं असतं. कुणी हात लावायची वाट बघत बसला नसता दिवा."

धातूचं अंग असलेल्या कुठल्याही वस्तूला एक तर अर्थिंग हवं, नाही तर आत दुहेरी इन्सुलेशन हवं. मिक्सरला प्लास्टिकचं अंग असतं, इस्त्रीला तीन पिना असतात, हे मी रोज बघत होते. कळशीच्या बाबतीत डोक्यातच आलं नाही, कारण कळशी मला भांडं वाटत होती.

वहिनींच्या घरी जे ट्रिप झालं ते आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळायला लागला की वीज तोडणारं यंत्र. घराला रंग काढताना त्यांच्या मुलाने बसवून घेतलेलं, तीस मिलिअँपियरचं. फ्यूजच्या जागी असतो त्या साध्या एमसीबीने इथे काही केलं नसतं. भाऊंनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आकडे मांडले. ओल्या हाताच्या, ओल्या पायाच्या माणसाचा रोध हजार ओहम धरा. २३० व्होल्ट भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपियर. माणसाचं हृदय बिघडायला ते भरपूर झालं. आणि सहा अँपियरचा एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिअँपियर, त्याला २३० ची जाणीवही होत नाही. त्याचं काम वायर जळू न देणं. माणसाचं काम आरसीसीबीचं. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते दाबून बघायचं असतं हे मी पंचवीस वर्षं आमच्या घरात राहून कधी केलं नव्हतं. आमच्या घरी जाऊन पाहिलं तर आरसीसीबीच नव्हतं. मी, आमच्या हॉलमध्ये, माझा एक नंबरचा दिवा, आजीची कळशी, आणि मध्ये काहीच नाही.

रात्री भाऊंनी मेगर आणला. ५०० व्होल्ट सोडून इन्सुलेशन किती घट्ट आहे ते बघायचं यंत्र. "एक मेगओम तरी पाहिजे," म्हणाले. चौदा नंबरला काटा शून्यावर. माझ्या घरातल्या एक नंबरला पाव मेगओमही नाही. दोन्ही दिवे झकास पेटत होते.

माझा भाचा ठाणे कोर्टात वकिली करतो. त्याला सांगितलं ते खरं म्हणजे मन मोकळं करायला. तो ऐकत होता मावशीचं, आणि मध्येच भाचा जाऊन वकील आला.

"स्टिकर कोणाच्या नावाचं?"

"माझ्या."

"पैसे घेतलेस?"

"अठराशे. वहिनींकडून पंधराशे."

"मग तू उत्पादक आहेस."

मी हसले. उत्पादक म्हणजे कारखानदार, मी कुठली उत्पादक? त्याने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मोबाइलवर उघडून दाखवला. कलम २ मधली व्याख्या. जो वस्तू बनवतो तो उत्पादक, जो दुसऱ्यांनी केलेले भाग जोडून वस्तू करतो तो उत्पादक, आणि दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर जो आपली खूण लावतो तोही उत्पादक. तिन्ही मी. सुनेने हौसेने छापलेलं स्टिकर, समईच्या चित्राचं.

मी म्हटलं, अरे पण होल्डरवर आयएसआय आहे, बल्ब चांगल्या कंपनीचा आहे, मी बघून घेते सगळं.

"मार्क होल्डरला आहे. दिव्याला नाही." मग कलम ८७ वाचून दाखवलं. वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर विकणाऱ्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही. म्हणजे होल्डरवाला सुटला, वायरवाला सुटला. आणि त्याच्या आधीच्या कलमात, ज्या विकणाऱ्याने स्वतः फेरफार केला आणि त्या फेरफाराने इजा झाली, तो मात्र अडकतो. कलम ८४ मध्ये उत्पादकाचं. वस्तूत दोष असेल तर आहेच, पण वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत किंवा धोक्याचा इशारा दिला नाही तरी जबाबदार. माझ्या सूचना काय होत्या? "ओल्या फडक्याने पुसू नये, लॅकर जाईल."

"आणि भेट दिलेले?" सतरातले सहा भेट होते.

"पैसे घेतले नाहीत तर ग्राहक कायदा लागू होणं कठीण. पण निष्काळजीपणा फुकट दिल्याने जात नाही." मग जरा थांबून म्हणाला, "मावशी, त्या बाई गेल्या असत्या तर हे ग्राहक मंचाचं राहिलंच नसतं. कलम १०६, निष्काळजीपणाने मृत्यू. आजपासून वीस दिवसांपूर्वीपर्यंत ते ३०४-अ होतं आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत केलीय."

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली होती. आमच्या घरात त्यावर चर्चा झाली होती, मीच पेपरमधून मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

वही काढली आणि फोन सुरू केले. वाटलं होतं लोक घाबरतील, रागावतील. बहुतेकांनी "अहो, आमचा छान चालतोय" म्हणून परत द्यायला नकार दिला. पेटतोय म्हणजे छान चालतोय. मी तरी काय वेगळं समजत होते? शेवटी पैसे परत देते म्हटल्यावर काही जण आले, काहींकडे मी गेले. घोडबंदर रोड, कोपरखैरणे, ऐरोली, कळवा. पावसात, रिक्षाने, पितळी भांडी पिशवीत घालून. भंगारवाली समजून एका सोसायटीच्या वॉचमनने हटकलं.

ऐरोलीच्या घरात सहा नंबर होता. तिथे माझा दोन पिनांचा प्लग तुटला होता आणि घरमालकांनी वायरीची दोन्ही टोकं सोलून थेट सॉकेटमध्ये खुपसली होती, काडेपेटीच्या काड्या ठोकून. वर शंभर वॅटचा बल्ब, "वाचायला उजेड कमी पडतो." मी त्यांना रागावले. रागावताना ऐकू येत होतं मला माझंच. त्यांनी माझ्या फेरफारावर आणखी एक फेरफार केला होता, एवढंच. भाच्याला विचारलं की इथे कोणाचा दोष, तर म्हणाला, तो वाद घालायला आम्हाला चांगले पैसे मिळतात.

तपासणीत आलं ते असं: सोळांपैकी पाचांच्या वायरी काठावर चिरलेल्या. दोघांचं तांबं उघडं. बाकीच्या ठीक होत्या, म्हणजे अजून ठीक होत्या.

त्या दिवसांत भाऊंच्या मागे मागे फिरताना सोसायटीतली एक गोष्ट कळली, ती माझ्या दिव्यांची नसली तरी सांगते. आमच्या जिन्यात जुन्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या आहेत. मागे कोणीतरी वीज वाचवायला एलईडी ट्यूब आणल्या, आणि पट्टीतला चोक, स्टार्टर काढून वायरिंग थेट केलं. चांगली गोष्ट. पण एलईडी ट्यूब दोन जातीच्या येतात. एकीला फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला लागतात, दुसरीला एका टोकाला फेज, दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. या दुसऱ्या जातीत बऱ्याच ट्यूबच्या एका टोकाच्या दोन्ही पिना आतून जोडलेल्या असतात. आमच्या पट्ट्या पहिल्या जातीसाठी जोडलेल्या. वर्षभराने एक ट्यूब गेली, वॉचमनने दुकानातून दुसरी आणली, दिसायला तीच, लांबी तीच, आणि स्टुलावर चढून बसवली. फटकन जाळ. सरळ शॉर्ट. स्टुलावरून पडला नाही हे नशीब. जुनी साधी ट्यूब बसवली असती तरी एका टोकाचं फिलामेंट थेट २३० व्होल्टवर येऊन तेच झालं असतं.

कमिटीच्या सभेत भांडण झालं, पट्टीचं वायरिंग बदलणारा दोषी की वॉचमन दोषी. भाऊ म्हणाले, पट्टीवर स्केचपेनने एक ओळ लिहिली असती, "चोक काढलाय, फक्त अमुक ट्यूब", तर बस होतं. वीजकामाच्या १९५६ च्या नियमांत, पंचेचाळीसाव्या नियमात, हा मुद्दा अगदी नेमका होता आणि २०१० च्या नियमावलीतही तो आला. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला कोणाची परवानगी लागत नाही, पण त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. स्वरूप बदललं की काम परवानाधारक कंत्राटदाराचं. गेलेली ट्यूब बदलणं एक. पट्टीची आतली जोडणी बदलणं दुसरं. आमच्या जिन्यात ते कोणी केलं त्याचं बिलही सापडलं नाही. "एक ओळखीचा मुलगा होता," एवढीच नोंद.

भाऊंनी चौदा नंबर पुन्हा जोडून दाखवला. मला यायला हवं म्हणून माझ्याच हातून. बर कानशीने काढली, ग्रोमेट बसवलं, गाठीच्या जागी वायर आवळून धरणारी क्लिप लावली. गोल आवरणाची तीन कोअरची केबल. हिरवी तार बुडाशी नट-बोल्टने कळशीला, आणि तिथला लॅकर आधी पॉलिश पेपरने खरवडून, कारण लॅकरवर बसवलेलं अर्थिंग म्हणजे नसलेलं अर्थिंग. तीन पिनांचा प्लग, तो उलटा जातच नाही. बटण फेजमध्ये. मग मीटरने प्लगची अर्थिंगची मोठी पिन आणि कळशीचा काठ यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे वाट सलग आहे का, ते बघितलं, बीप वाजला. मग मेगर.

दिसायला पहिल्यापेक्षा वाईट. जाड पांढरी केबल कळशीच्या बुडातून सलाइनच्या नळीसारखी बाहेर आलेली.

"आता विकू शकते का?"

"घरात वापरा," भाऊ म्हणाले. "विकायचा असेल तर तपासून, कागद घेऊन विकणारे लोक आहेत, त्यांचं काम त्यांना करू द्या. मी तीस वर्षं हेच केलं, मी नाही विकणार."

वहिनींना फोन करून सांगितलं, दिवा आता अगदी नीट झालाय, आणून देऊ का? त्या हसल्या. "ताई, तुम्ही नीट केलाय म्हणजे नीटच असेल. पण वायर काढूनच द्या. मी त्यात पाणी घालून निशिगंध ठेवीन."

पाणी राहणार नाही त्यात, हे सांगायचं धैर्य झालं नाही. बुडाजवळ बारा मिलिमीटरचं भोक आहे. जांभळी नाक्याच्या त्याच भांडीवाल्याकडे सोळाही घेऊन गेले. त्याने एकेक उचलून उजेडाकडे धरली आणि डाक देऊन भोक बुजवायचे नगाला दीडशे सांगितले. "पाडताना तीस घेतले होते," मी म्हटलं. तो म्हणाला, "पाडायला काय लागतं काकू."

अकरा नंबरची नोंद वहीत अशी आहे: कळशी, पोचा डावीकडे, वेण मरून, रोख १८००, निळी छत्री, नाव घ्यायचं राहिलं.